तंबू कुठं ठोकायचा ते आपल्याला कळतं, कोपी कुठं पडते ते दिसत नाही

पोस्ट लांब आहे. आत्ता वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा, पण दसऱ्याच्या आत वाचा. दसरा झाला की टोळ्या उतरायला लागतील, आणि एकदा कोप्या पडल्या की जागेबद्दल बोलण्यात काही अर्थ राहत नाही.

पावसाळा तोंडावर आला की काजवे बघायला कोपरगावातून भंडारदऱ्याला गाड्या निघतात. रात्री तंबूत राहायचं. चांगली गोष्ट आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण निघायच्या आधी ग्रुपवर जी चर्चा होते ती कधी नीट वाचा. जागा उंचवट्यावर आहे ना? पाऊस आला तर पाणी आत घुसेल का? फार धरणाच्या काठाला नको, डास खातील. बाथरूम किती आहेत, बरोबर लेडीज आहेत. साप-बिप निघतात का तिथं? लाईट रात्रभर असते का? गाडी तंबूपर्यंत जाते का, रात्री कुणाच्या पोटात दुखायला लागलं तर?

एका रात्रीसाठी एवढे प्रश्न. आणि सगळेच्या सगळे बरोबर आहेत. उकाड्याच्या, दमट हवेच्या मुलखात उघड्यावर झोपायचं तर याच गोष्टी बघायच्या असतात. चढ, निचरा, वारा, सावली, पाण्यापासूनचं अंतर, संडास, साप, रस्ता. यात वाढवण्यासारखं फार काही नाही.

आता हेच प्रश्न घेऊन आपल्या तालुक्यातल्या ऊसतोड तळावर जा. तिथला मुक्काम एका रात्रीचा नसतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आलेली टोळी मार्चपर्यंत असते, ऊस जास्त असला तर त्याच्याही पुढं. २०२१-२२ च्या हंगामात राज्यातलं गाळप जूनच्या मध्यापर्यंत चाललं होतं, विसरलात का? म्हणजे ऑक्टोबरचा घामटा, डिसेंबरचं दव, एप्रिल-मेची लाही आणि वर वळवाचा पाऊस, सगळं एकाच ताडपत्रीखाली.

कोपी म्हणजे तंबूच हो, दुसरं काय? बांबू वाकवायचे, बाजूनं तट्ट्या लावायच्या, वरून प्लास्टिकचा कागद टाकायचा आणि कडेनं मातीचा भर द्यायचा. मधोमध मोठा माणूस जेमतेम उभा राहतो, कधी तेही नाही. आत एक कोयता, म्हणजे नवरा-बायको, त्यांची दोन-तीन लेकरं, कधी लेकरं सांभाळायला आणलेली म्हातारी, धान्याचं पोतं, पेटी, हंडे. टायरगाडीवाले असतील तर बैल दारातच. रात्रभर चार-पाच जणांचा श्वास आणि चुलीची वाफ त्या कागदाखाली कोंडते. पहाटे कागदाला आतून घाम सुटतो आणि ठिबकतो. ज्यांनी बंद तंबूत रात्र काढली आहे त्यांना हे माहीत आहे, आपण त्यावर ‘व्हेंटिलेशन नव्हतं’ असा रिव्ह्यू लिहितो.

फरक एवढाच की आपण जागा निवडतो. त्यांची जागा दुसरं कुणीतरी ठरवतं. माझं आजचं भांडण त्या ‘दुसऱ्या कुणाशी’ आहे, आणि त्यात आपण शेतकरी सभासदही आलो.

जागा निवडणं ही काही परदेशातून शिकून यायची विद्या नाही. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे आपल्या शिवारात येतात. ते कुठं बसतात बघा. आधी रान फिरून बघतात, मग खोळंब्याचं, ओलीचं रान सोडून उंच, वारा लागणाऱ्या कोरड्या वावरात बसतात. मेंढराचं खूर ओलीत सडतं, म्हणून. मेंढरासाठी जो विचार होतो तो माणसासाठी होत नाही असं मी म्हटलं की लोकांना टोचतं. टोचू द्या.

पहिली गोष्ट जमिनीची. गोदाकाठची आपली जमीन खोल काळी. पिकाला सोनं, पण मुक्कामाला वाईट. पाणी पडलं की फुगते, चिकट होते, निचरा म्हणून नाही. वाळली की भेगाळते, आणि त्या भेगांत कोण राहतं ते शेतकऱ्याला सांगायला नको. मुरमाड माळ तालुक्यात नाही असं नाही, पोहेगाव-रांजणगाव देशमुखच्या बाजूला जा, हवा तेवढा मुरूम. पण तळ ऊस असेल तिथं पडतो. आणि उसाच्या भागात मोकळी जागा कोणती उरते? जिथं पीक घेण्यात राम नाही ती. चारीच्या पोटातली, नाल्याच्या कडेची, खड्ड्याची, रस्त्यालगतच्या पडीकातली. ऑक्टोबरात ती कोरडी दिसते. मुकादम येतो, बघतो, ‘इथं टाका’ म्हणतो. मग रब्बीचं आवर्तन सुटतं. शंभर वर्षांच्या जुन्या कालव्यांचा आणि चाऱ्यांचा पाझर काय असतो ते आपल्याला ठाऊक आहे. तळाला ओल येते. कुणी मुद्दाम पाणी सोडलेलं नसतं, पण आवर्तनाचा अंदाज पाटबंधाऱ्याकडे असतो, टोळीचा आराखडा गट ऑफिसात असतो, आणि हे दोन कागद एका टेबलावर कधीच येत नाहीत. ओली जमीन, तिच्यावर फाटकी गोधडी, तिच्यावर सहा महिन्यांचं लेकरू. खोकला, जुलाब, ताप. मग आपण म्हणतो, या लोकांची लेकरं सारखी आजारी कशी असतात.

‘हंगामात पाऊस नसतो’ हे वाक्य आता विसरा. २०१९ चा ऑक्टोबर-नोव्हेंबर आठवतो ना? सोयाबीन, मका, द्राक्षं, सगळं पाण्यात गेलं. २६ नोव्हेंबर २०२३ ची गारपीट आठवते? शेजारच्या निफाडात द्राक्षबागा झोपल्या. डिसेंबर २०२१ च्या पहिल्या दोन दिवसांत पाऊस आणि गारठ्यानं आपल्या जिल्ह्यात आणि पुणे जिल्ह्यात मेंढ्या मेल्या होत्या. प्रत्येक वेळी पंचनामे पिकांचे झाले, आणि झालेच पाहिजेत, शेतकरी म्हणून मी ते मागणारच. पण त्या रात्री कोप्यांत काय झालं याचा पंचनामा कुठं आहे? धान्याचं पोतं भिजलं तर त्याचा गट नंबर नसतो.

दुसरी गोष्ट उभ्या उसापासूनच्या अंतराची. २०२५ च्या नोव्हेंबरात टाकळी-येसगाव परिसरात बिबट्यानं काय केलं ते इथल्या कुणाला सांगायला नको. तेव्हा रास्ता रोको झाला, नेते आले, वनखात्याला शिव्या घालून झाल्या. पिंजरे, ड्रोन, शार्पशूटर यांवर महिनाभर बोलणं चाललं. पण मला सांगा, तळ उभ्या उसापासून किती अंतरावर असावा, यावर कुणी चकार शब्द काढला? बिबट्या उसात राहतो, तिथंच पिल्लं घालतो. तोड सुरू झाली की त्याचं घर रोज थोडं थोडं कमी होतं आणि तो बाजूच्या फडात सरकतो. त्याच फडाच्या बांधाला आपण तळ टाकतो, कारण तोडायला जवळ पडतं. कोपीला दार नाही, दाराला पडदा आहे. आई-बाप पहाटे तीन-चारला गाडी भरायला गेलेले असतात. आत लेकरं. बाहेर कुत्री, शेळ्या, कोंबड्या, आणि बिबट्या मुळात त्यांच्यासाठी येतो. हे सगळं वनखात्याचे लोक दरवर्षी सांगतात. पण तळाची जागा ठरवताना वनरक्षकाला कुणी विचारत नाही.

आता जो विषय लिहिताना लोक आडून बोलतात तो. संडास. भंडारदऱ्याच्या चर्चेत तिसऱ्या मेसेजला येतो तो विषय इथं सहा महिने निघत नाही. बाई अंधारात जाते, पहाटे उठून किंवा रात्र पडल्यावर, कारण दिवसा आडोसा नाही. आडोसा म्हणजे ऊस. म्हणजे बिबट्याच्या वेळेला बिबट्याच्या जागेत, तेही खाली बसून. बसलेला माणूस त्याला माणसासारखा उंच दिसत नाही, हेही वनखातंच सांगतं. पाच-सहा पत्र्यांचे आडोसे आणि चार खड्डे एवढ्यानं जी गोष्ट निम्मी सुटेल तिच्यासाठी आपण लाखोंचे पिंजरे आणतो.

आणि संडास नाही म्हणून बाया पाणी कमी पितात. एप्रिलच्या उन्हात, फडात, डोक्यावर मोळी घेऊन. त्यातून लघवीचे आजार, पाळीच्या दिवसांत धुवायला पाणी नाही, अंघोळीला दोन साड्यांचा आडोसा. बीडमधल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ ला राज्यभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तेव्हा सगळा राग दवाखान्यांवर निघाला, काही अंशी रास्त होता. पण त्या बाया दवाखान्यात पोचायच्या आधी कुठं राहत होत्या? आपल्यासारख्यांच्या शिवारात. आजाराची सुरुवात तळावर होते आणि चौकशी गावाकडे होते.

मागच्या एका हंगामात एका तळावर मावशींना विचारलं, पाणी कुठून आणता. म्हणाल्या, “त्या वस्तीवरून, पण दादा, मालक हिरीला मोटर लावील तवाच.” मालक वाईट नव्हता. लाईट रात्रीची होती, एवढंच. म्हणजे रात्री बारा-एकला मोटर चालू झाली की बाया हंडे घेऊन जाणार, तीनला पुन्हा गाडी भरायला. आठवड्यानं नळ येण्याची वर्षं कोपरगाव शहरानं काढली आहेत. आपल्याला तरी हे समजायला हवं.

साप. आपल्याकडं चारही विषारी जाती आहेत, नाग, घोणस, मण्यार, फुरसं. उसात उंदीर, म्हणून उसात घोणस. कोपीत धान्य, म्हणून कोपीत उंदीर, आणि उंदरामागं तोही येतो. सगळ्यांत वाईट मण्यार. रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, दात एवढे बारीक की जाग येत नाही. पहाटे पोटात कळा, घसा दाटतो, पापण्या मिटतात, आणि घरच्यांना वाटतं काहीतरी खाण्यात आलं. जमिनीपासून हातभर उंचीवरची बाज आणि नीट खोचलेली मच्छरदाणी हा मण्यारीवरचा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे, डासांवरचा तर आहेच. पण बाज मावेल एवढी कोपी पाहिजे, आणि कोपी मोठी करायला जागा पाहिजे. जागा म्हणाल तर वीस-पंचवीस कोप्या एकमेकींना खेटून, कारण मालकानं कोपराच दिलाय. खेटून कोप्या म्हणजे आगीचंही आलंच. पाचट, प्लास्टिक, आणि आत चूल. एक पेटली की रांग पेटते.

रस्त्याचं आणि तारांचं थोडक्यात. तळ रस्त्याला चिकटून असला की रात्री दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर मागं-पुढं करतात त्याच जागेत पोरं खेळतात, झोपतात. तळ रस्त्यापासून लांब असला की ॲम्ब्युलन्स येत नाही. यातली मधली जागा काढता येते, पण ती काढायला कुणीतरी दिवसा, हंगामाच्या आधी, पायी फिरायला पाहिजे. अकरा केव्हीच्या तारेखाली कोपी नको, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

मग ठरवतं कोण?

कारखान्याला विचारा, ते म्हणतात आमचा करार मुकादमाशी, मजूर त्याचे. मुकादमाला विचारा, तो म्हणतो मला उचल फेडून घ्यायची आहे, जागा चिटबॉयनं दाखवली. चिटबॉय म्हणतो मला तोडीचा प्रोग्राम दिलाय, जागा शेतकऱ्यानं दिली. शेतकरी म्हणतो माझा ऊस लवकर जावा म्हणून बांधाकडंचा कोपरा दिला, एवढंच. ग्रामपंचायत म्हणते ते आमचे मतदार नाहीत. तहसील म्हणतं अर्ज आला तर बघू. सगळे आपापल्या जागी खरंच बोलतात आणि कोपी पाण्यात जाते.

हे मालकपणाचं झटकणं कायद्याला नवं नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानंच तत्त्व घालून दिलं होतं, की पिण्याचं पाणी, संडास, प्रथमोपचार या गोष्टी ठेकेदारानं दिल्या नाहीत तर मूळ मालकानं द्यायच्या. तो कायदा आता नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहितेत गेला. वकील मंडळी सांगतील की मुकादम हा ठेकेदार की नाही, कारखाना हा मालक की नाही, यावर किती वाद आहे. असू द्या वाद. ऊस कुणाच्या काट्यावर मोजला जातो यावर तर वाद नाही ना?

मजुरांच्या संघटनांनाही एक शब्द. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. चांगलं झालं, लढून मिळवलं. पण संप दरावर होतो, कमिशनवर होतो, तळावर कधी होत नाही. नेत्यांच्या भाषणात कोयता असतो, कोपी नसते.

आता नेहमीची उत्तरं येतील म्हणून आधीच घेतो.

‘त्यांना सवय आहे.’ कुणालाच ओलीत झोपायची सवय नसते. गावाकडं, पाथर्डी-शेवगावला, बीडला, चाळीसगाव-नांदगावला त्यांची घरं आहेत, काहींची तुमच्या-माझ्यासारखी स्लॅबची आहेत. सवय नाही, इलाज नाही.

‘टोळी सारखी फिरते, पक्की सोय कशी करणार?’ डोकी सेंटर, टायर सेंटरचे मजूर बऱ्याचदा हंगामभर एकाच तळावर राहून आजूबाजूचे फड तोडतात. आणि फिरत्या टोळ्यांसाठीही पक्क्या इमारती कोण मागतंय? जागा नीट निवडा, एवढीच मागणी आहे. तंबू फिरतोच. म्हणून तर जागा आधी बघून ठेवायची असते.

‘आता हार्वेस्टर येतोय, दोन-चार वर्षांत प्रश्नच संपेल.’ हे मी बरीच वर्षं ऐकतोय. छोटे तुकडे, कमी अंतराच्या सऱ्या, पावसानं चिखल झालेलं रान, तिथं यंत्र चालत नाही. आणि समजा दोन-चार वर्षांत संपलाच प्रश्न, तरी ती दोन-चार वर्षं कुणी कुठं झोपायचं?

‘तुम्ही काळे गटाचे की कोल्हे गटाचे?’ हा प्रश्न आल्याशिवाय कोपरगावात कुठलीच पोस्ट पूर्ण होत नाही. मी उसाचा शेतकरी आहे. तालुक्यात दोन सहकारी कारखाने आहेत आणि माझी मागणी दोघांनाही एकच आहे. जो आधी करील त्याचं नाव घेऊन कौतुकाची पोस्ट टाकीन, फोटोसकट. राज्यात इतरत्रही हेच चित्र आहे, त्यामुळे ‘फक्त आमच्यावरच का’ असंही कुणी म्हणू नये. आपला तालुका आहे म्हणून आपल्यावर.

आणि ‘हे जमणारच नाही’ म्हणणाऱ्यांना एकच सांगतो, नदीच्या वरच्या अंगाला बघा. नाशिकला सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला, मोठी स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात. तपोवनातल्या साधुग्रामची जागा, रस्ते, पाणी, संडास यावर किती आधीपासून बैठका चालल्या आहेत. तिथल्या झाडांवरून २०२५ च्या शेवटी एवढा वाद पेटला की राज्यभर गेला. वाद झाला हे चांगलंच, जागेच्या निवडीवर वाद व्हायलाच पाहिजे. आषाढी वारीचं घ्या. ऐन पावसाळ्यात, दमट हवेत, लाखो माणसं राहुट्यांत झोपतात. पालखीतळ आधी ठरलेले असतात, मुरूम टाकतात, टँकर लागतात, फिरते संडास येतात, दवाखान्याचं पथक असतं. सगळं अगदी नीट असतं असं नाही, पण कुणीतरी जबाबदार असतं. म्हणजे तळाची जागा निवडायची अक्कल, माणसं आणि यंत्रणा या राज्याकडे आहे. त्याच गोदावरीच्या काठाला थोडं खाली, दरवर्षी, ठरलेल्या महिन्यात, ठरलेल्या कामासाठी माणसं येतात आणि त्यांच्यासाठी एक बैठक होत नाही. साधू बारा वर्षांनी येतात. टोळी दर दिवाळीला येते.

पैसा? गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागं १० रुपये आणि तेवढाच शासनाचा हिस्सा, अशी रचना सरकारनं केलेली आहे. नुसता हिशोब करा. एखाद्या कारखान्यानं हंगामात पाच लाख टन गाळलं असं धरलं तर टनामागं १० रुपयांनी पन्नास लाख झाले, शासनाचा हिस्सा धरून एक कोटी. यातले किती परत आपल्या शिवारातल्या तळावर येतात, हे वार्षिक सभेत विचारायचा हक्क आपल्याला सभासद म्हणून आहे. सभेत आपण भाव विचारतो, दिवाळीची साखर विचारतो. यंदा हेही विचारा.

माझ्या मते करायचं काम फार नाही. गट ऑफिसला कुठल्या शिवारात किती टोळ्या उतरणार ते आधी माहीत असतं, उसाच्या नोंदीच तशा असतात. ती यादी घेऊन शेतकी विभागाचा माणूस, ग्रामसेवक, पाटबंधाऱ्याचा कर्मचारी आणि वनरक्षक यांनी दसऱ्याच्या आधी एक दिवस शिवारात फिरावं. गायरान, कारखान्याची पडीक, सरकारी जागा किंवा भाड्यानं घेतलेलं एखादं वावर, जे असेल ते. उभ्या उसापासून आणि चारीपासून लांब, चढावर. काळीच जमीन असेल तर वीतभर मुरूम टाका. वीस ट्रॉल्या मुरूम ही कुठल्या कारखान्याला जड गोष्ट नाही. भोवतीनं चर काढा, पाणी जायला वाट करून द्या. पश्चिमेला एखादं लिंबाचं, बाभळीचं झाड असेल अशी जागा मिळाली तर एप्रिलात तिचं मोल कळेल, फक्त कोपी अगदी बुंध्याला नको, वीज पडते आणि फांद्याही. पाण्याची टाकी चढाच्या अंगाला, संडास उताराला आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला, दोघांत अंतर ठेवून. बायांसाठी वेगळे, आणि तिथपर्यंत उजेड. तळाभोवती जाळी. कोप्यांत माणूस मोकळा चालेल एवढं अंतर. आरोग्य उपकेंद्राच्या वहीत तळाची नोंद, म्हणजे गरोदर बाई किती, पाच वर्षांच्या आतली लेकरं किती, हे नर्सबाईंना पहिल्याच आठवड्यात कळेल. सर्पदंशाची लस कुठल्या दवाखान्यात आहे आणि रात्री गाडी कुणाची, हे मुकादमाला आणि दोन बायांना तोंडपाठ पाहिजे. मुकादमाला एकट्याला सांगू नका, तो त्या रात्री दुसऱ्या तळावर असतो.

जागा शेवटी टोळीला दाखवा आणि विचारा. बायांना विचारा. ‘इथं बरं वाटतं का’ हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारलेला नाही. त्यांनी नको म्हटलं तर का नको ते ऐका, त्यांनी वीस-वीस हंगाम ताडपत्रीखाली काढलेत, आपल्यापेक्षा त्यांना जमीन जास्त कळते.

शेतकरी बांधवांना एक विनंती, जरा कडक भाषेत. ‘माझ्या वावरात तळ नको’ म्हणून आपण ज्या कोपऱ्यात त्यांना ढकलतो, तो कोपरा आपण आपल्या बैलासाठीही निवडला नसता. तोड लवकर मिळावी म्हणून चिटबॉयच्या मागं फिरतो, मुकादमाला चहा पाजतो, खुशाली देतो. त्यातला निम्मा आटापिटा तळासाठी केला तरी पुष्कळ होईल. मजूर आजारी पडला की कोयता कमी होतो, कोयता कमी झाला की तोड लांबते, तोड लांबली की ऊस वाळतो आणि वजन घटतं. माणुसकीचं बोलणं ज्यांना नकोसं वाटतं त्यांनी निदान हे गणित करावं.

आमच्या गावापुरता अर्ज लिहून झाला आहे. ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत ‘ऊसतोड तळाची जागा निश्चित करणे’ हा विषय घ्यावा, एवढाच चार ओळींचा. प्रत गट ऑफिसला, प्रत तहसीलला, प्रत वनखात्याला. ज्यांना आपल्या गावासाठी नमुना हवा आहे त्यांनी इनबॉक्समध्ये गावाचं नाव टाका, मी पाठवतो. पोच घ्यायला विसरू नका, तारखेसकट. आणि ज्यांच्या शिवारात मागच्या वर्षी तळ पडला होता त्यांनी या रविवारी तिथं एक चक्कर मारा. यंदाच्या पावसाचं पाणी त्या जागेत कुठपर्यंत साचलंय ते बघा, फोटो काढा आणि अर्जाला जोडा.